मायक्रोफोनचा द्वारपाल

मनुष्याचा कान नुसता ऐकत नाहीं. तो निवडून ऐकतो. देवळांत कीर्तन रंगांत आलेलें असतें. मागें मुलें रडत असतात, बाहेर गाड्यांची ये-जा चालू असते, कोणी खोकतो, कोणी कुजबुजतो; तरी कीर्तनकाराचा शब्द श्रोत्याच्या कानांत नेमका शिरतो व बाकीचा कोलाहल उंबऱ्याबाहेर राहतो. ही निवड कान आणि मन मिळून करतात, आणि ती इतकी सहज होते कीं, ती होत आहे याची जाणीवहि श्रोत्यास नसते. मायक्रोफोनला मन नाहीं. त्याच्या पडद्यावर हवेची जी जी लाट येऊन आदळेल, ती ती विजेच्या लहरींत पालटून तो निमूटपणें पुढें धाडतो. गायकाचा षड्ज आणि छतावरील पंख्याची घरघर यांत त्याच्या लेखीं कांहींच भेद नसतो.

यामुळेंच मायक्रोफोनच्या दाराशीं एक द्वारपाल बसवावा, बोलणारा बोलूं लागतांच त्यानें दार उघडावें व बोलणारा थांबतांच तें मिटावें, अशी कल्पना निघाली. या द्वारपालास इंग्रजींत ‘नॉइज गेट’ असें नांव आहे; मराठींत त्याला ‘ध्वनिद्वार’ म्हणावयास हरकत नाहीं. आज तो ध्वनिमुद्रणगृहांत, नाट्यगृहांत, सभामंडपांत आणि घरोघरच्या संगणकांतहि आढळतो. परंतु त्याची एक अडचण जन्मापासून त्याच्या मागें लागलेली आहे. त्याला भाषा कळत नाहीं, सूर कळत नाहीं. कळतो तो केवळ आवाजाचा लहानमोठेपणा. ठराविक मर्यादेहून मोठा तो आवाज आपला, आणि लहान तो परका, एवढेंच त्याचें शास्त्र. त्याचे सर्व गुण या शास्त्रांतून निघाले आणि सर्व दोषहि यांतूनच.

या द्वारपालाचा पूर्वज गायनाच्या मैफलींत जन्मला नाहीं. तो समुद्रापलीकडील दूरध्वनीच्या कामीं जन्मास आला. ७ जानेवारी १९२७ रोजीं न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांमध्यें बिनतारी दूरध्वनीची सार्वजनिक सेवा सुरू झाली. पहिल्या तीन मिनिटांस ७५ डॉलर आकार पडे. एवढें द्रव्य मोजून बोलणाऱ्याचा एक एक शब्द मोलाचा होता. परंतु वाटेंत एक विघ्न होतें. दोन्ही दिशांचें बोलणें एकाच दीर्घ लहरीच्या पट्ट्यावरून जाई. त्यामुळें लंडनहून आलेला आवाज न्यूयॉर्कच्या तारेंतून थोडासा झिरपून पुन्हां प्रक्षेपकांत शिरे, लंडनला परत जाई, तेथून पुन्हां येई. आणि अशा फेऱ्या घालतां घालतां संभाषणाच्या जागीं एक कर्कश शिटी तेवढी उरे. यावर अमेरिकन अभियंत्यांनीं ‘वोडास’ नांवाची योजना केली. बोलणाऱ्याच्या आवाजाची वीज एका विद्युत्कळीस चाळवी. ती कळ प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा करी आणि त्याच क्षणीं ग्रहणाचा मार्ग बंद करी. बोलणारा थांबला कीं अल्प अवकाशानें सर्व पूर्ववत् होई. अशा रीतीनें एका वेळीं एकच दिशा मोकळी राही व शिटीला फेरी पुरी करण्यास वाट मिळत नसे.

कळ कितीहि चपळ असली, तरी तिला हलण्यास थोडा वेळ लागणारच. आणि तेवढ्या वेळांत शब्दाचें पहिलें अक्षर दाराबाहेर राहणार. यासाठीं या योजनेंत आवाजालाच वाटेंत क्षणभर थोपवून धरणारें एक मंडल घालण्यांत आलें. द्वारपालास वर्दी आधीं पोंचे आणि पाहुणा मागाहून येई. तोंवर दार उघडलेलें असे. आजच्या संगणकांतील ध्वनिद्वारें आवाजाची चाहूल आधीं घेतात, तें तत्त्व हेंच.

तरीहि मूळ पेंच सुटला नाहीं. अटलांटिकावरील वादळांची कडकड आणि मनुष्याचा मंद स्वर यांची पातळी पुष्कळदां एकच असे. कळ हळवी ठेवावी तर ती वादळाच्या कडकडाटानेंच चाळवली जाई; कठोर ठेवावी तर दबक्या आवाजांत बोलणाऱ्याचे शब्द कापले जात. म्हणून तज्ज्ञ कर्मचारी संभाषणावर कान ठेवून बसत आणि बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें व हवेच्या लहरीप्रमाणें यंत्राचा हळवेपणा कमीजास्त करीत. १९३२ सालीं याच मार्गावर ‘कंपँडर’ नांवाचें दुसरें यंत्र आलें. तें दार मुळीं लावीतच नसे. पाठवितांना तें मंद आवाजास वर उचली आणि पोंचल्यावर पुन्हां तितकेंच खालीं आणी; त्यामुळें वाटेंत मिसळलेली खरखरहि आवाजाबरोबर खालीं दबली जाई. दार एकतर सताड उघडें नाहीं तर गच्च बंद, यांखेरीज तिसरी स्थिति असूं शकते, ही महत्त्वाची गोष्ट येथें सिद्ध झाली.

हाच काळ हिंदुस्थानांतहि आवाजाच्या नव्या साधनांचा होता. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्याच वर्षीं खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची ये-जा सुरू झाली. पुढें १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत ‘आलम आरा’ हा पहिला हिंदुस्थानी बोलपट झळकला. त्याचें चित्रीकरण ज्या जागीं झालें, ती आगगाडीच्या रुळांजवळ होती आणि तिच्या भिंती आवाज अडविणाऱ्या नव्हत्या. म्हणून अर्देशीर इराणी आणि त्यांची मंडळी गाड्या थांबल्यानंतर, रात्रीच्या प्रहरीं काम करीत. द्वारपालाचें यंत्र हातीं नसतां माणसांनीं स्वतःच केलेली ही द्वारपालकी होय: गोंगाट थांबेपर्यंत थांबावयाचें आणि तो थांबला कीं बोलावयाचें.

याच सुमारास, म्हणजे १९३० व १९३१ या वर्षांत, अमेरिकेंतील बोलपटांस ‘निःशब्द’ करण्याची एक युक्ति निघाली. बोलपटाचा आवाज फितीच्या कडेला प्रकाशाच्या रेषेंत उमटलेला असतो. पात्रें मुकीं असतांना ती रेषा स्वच्छ पारदर्शक राहिली, तर फितीवरील धूळ व ओरखडे प्रकाशाच्या वाटेंत येऊन खरखरतात. म्हणून आवाज थांबतांच प्रकाशाची फट आपोआप अरुंद व्हावी व छापील फितीवरील तो भाग काळोखा पडावा, अशी तजवीज करण्यांत आली. काळोखांतून धुळीचा आवाज निघत नाहीं. परंतु फट उघडण्यास विलंब लागला, तर संवादाचा आरंभ दुखावला जाई. आणि मिटण्याची गति चुकली, तर प्रत्येक वाक्यामागें खरखरीची एक झुळूक उठून विरलेली ऐकूं येई. वाफेच्या सुस्काऱ्यासारखा हा दोष श्रोत्यास सततच्या खरखरीपेक्षांहि अधिक खुपतो. एकसारखा चालणारा आवाज मन विसरतें; येणारा-जाणारा आवाज तें विसरूं शकत नाहीं.

महायुद्धानंतर मार्ग पालटला. १९४७ च्या सुमारास हर्मन हॉस्मर स्कॉट यांनीं ग्रामोफोनच्या तबकडीवरील खरखर दाबण्यासाठीं एक यंत्र प्रसिद्ध केलें. संगीत मंद होतांच तें वरचे व खालचे स्वर झांकी आणि संगीत वाढतांच पुन्हां मोकळे करी. पुढें चुंबकीय फितीचा काळ आला, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका फितीवर सोळा स्वतंत्र मार्ग मुद्रित होऊं लागले. येथें गणित आडवें आलें. समान खरखर असलेले मार्ग दुप्पट झाले कीं एकंदर खरखर ३ डेसिबलनें वाढते. एकाचे सोळा होईतों ती चार वेळां दुप्पट होते, म्हणजे १२ डेसिबलनें वाढते. गायक दोन ओळींमध्यें थांबलेला असतांना त्याचा मार्ग उघडा ठेवणें म्हणजे खरखरीला फुकट वाट देणें होतें. या गरजेंतून १९७० च्या सुमारास पॉल बफ यांनीं रचलेलें ‘केपेक्स’ हें यंत्र अमेरिकेंतील मुद्रणगृहांत पसरलें, आणि ध्वनिद्वार हें तेथील नित्याचें उपकरण झालें. १९८० नंतर इंग्लंडांतील ड्रॉमर यांच्या यंत्रानें त्यांत एक मोलाची भर घातली: दार कोणत्या उंचीच्या स्वरांनीं उघडावें, हेंहि वापरणाऱ्यास ठरवितां येऊं लागलें.

गायकाच्या मायक्रोफोनवर ध्वनिद्वाराचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मात्र खरखर घालविण्यासाठीं झालेला नाहीं. १९७७ सालीं बर्लिन येथें, शहर दुभंगणाऱ्या भिंतीच्या जवळच असलेल्या हान्सा मुद्रणगृहांत डेव्हिड बोवी हा गायक ‘हीरोज’ हें गीत मुद्रित करीत होता. निर्माता टोनी व्हिस्कोंटी यानें त्या प्रशस्त दालनांत त्याच्यासाठीं तीन मायक्रोफोन मांडले: पहिला तोंडापासून सुमारें नऊ इंचांवर, दुसरा वीस फुटांवर आणि तिसरा पन्नास फुटांवर. पहिला सदैव उघडा होता. पुढील दोहोंवर द्वारें होतीं. गायक हळू गाई तेव्हां जवळचा मायक्रोफोन तेवढा ऐके. आवाज चढला कीं दुसरें दार उघडे. आणि पूर्ण ताकदीनें टाहो फोडला कीं तिसरेंहि उघडून सारें दालन त्या आवाजांत घुमूं लागे. गोंगाट बाहेर ठेवण्यासाठीं नेमलेला द्वारपाल येथें घुमाराला आंत बोलावूं लागला. पुढें दोन-तीन वर्षांतच लंडनमध्यें ह्यू पॅजम यानें फिल कॉलिन्सच्या ढोलांचा घुमारा ध्वनिद्वारानें मध्येंच तोडून एक नवाच नाद निर्माण केला व तो त्या दशकाच्या पाश्चात्य संगीतभर पसरला.

हा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे गायकाच्या किंवा वक्त्याच्या मायक्रोफोनवर ध्वनिद्वार कसें बसवावें, याचा क्रम आपोआप समजूं लागतो. पहिलें काम द्वाराचें नव्हेच. मायक्रोफोन तोंडाच्या जवळ आणावा. अंतर एक फुटाचें अर्धा फूट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें वाढतो आणि खोलीचा गोंगाट होता तेवढाच राहतो. समोरचें ऐकणारा व मागचें न ऐकणारा मायक्रोफोन निवडून त्याची पाठ गोंगाटाकडे करावी. पंखा बंद करतां येत असेल तर करावा. एवढें झाल्यावर गायकाकडून त्याची सर्वांत मंद ओळ म्हणवून घ्यावी आणि मग त्याला गप्प बसवून खोलीची पातळी पाहावी. खोली उणे ६० डेसिबलवर आणि मंद ओळीचें शेवटचें अक्षर उणे ४० वर असेल, तर उंबरठा या दोहोंच्या मधोमध, उणे ५० च्या आसपास ठेवतां येतो. खोलीच उणे ४५ वर असेल, तर मध्यें जागा उरत नाहीं. तेथें कितीहि कुशल द्वारपाल नेमला तरी त्याची गत अटलांटिकावरील कळीसारखी होणार. अशा वेळीं खोलीच सुधारली पाहिजे.

उंबरठ्यानंतर वेळेचा विचार येतो. उघडण्याचा वेळ अल्प हवा, साधारणतः १ ते ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबांत. तो लांबला तर ‘क’, ‘ट’, ‘प’ यांसारख्या स्फोटक व्यंजनांचा आघात नाहींसा होतो, आणि अगदींच शून्यावर आणला तर दार उघडल्याची ‘टिक्’ ऐकूं येते. आवाज उंबरठ्याखालीं उतरल्यावरहि दार कांहीं काळ उघडेंच राहावें. दोन शब्दांतील फट ओलांडून जाण्यास १०० ते २०० मिलिसेकंद पुरतात. त्यानंतर तें हळूहळू, २०० ते ४०० मिलिसेकंदांत मिटावें. नाहींतर स्वराचा शेवट सुरीनें कापल्यासारखा होतो. उघडण्याची पातळी आणि मिटण्याची पातळी यांत ३ ते ६ डेसिबलचें अंतर ठेवलें, तर उंबरठ्यावर रेंगाळणाऱ्या आवाजापुढें दाराची फडफड होत नाहीं. द्वारपालाच्या कानावर मात्र सुमारें १०० हर्ट्झच्या खालचे स्वर पडूं देऊं नयेत, म्हणजे पावलांची धपधप किंवा मायक्रोफोनच्या दांड्याला बसलेला धक्का यांस तो फसणार नाहीं. आवाजाचे चढउतार सपाट करणारें यंत्र मालिकेंत असेल, तर ध्वनिद्वार त्याच्या आधीं असावें. कारण तें यंत्र मंद गोंगाटास वर उचलतें, आणि मग द्वारपालास आपला-परका ओळखणें अधिकच कठीण होतें.

शेवटचें आणि सर्वांत दुर्लक्षित माप म्हणजे दार किती मिटावें हें. उंबरठा शोधीत असतांना दार पूर्ण मिटूं द्यावें, म्हणजे चूक कोठें होते तें स्पष्ट ऐकूं येतें. पण उंबरठा सांपडल्यावर बंदी १० ते १५ डेसिबलवर आणावी. गोंगाट नाहींसा होत नाहीं, मागें सरतो; आणि श्रोत्याच्या कानाला वाक्यावाक्यामागें खोल खड्ड्यांत पडल्याचा भास होत नाहीं. कंपँडरनें दाखविलेली तिसरी स्थिति येथें उपयोगी पडते.

हिंदुस्थानी संगीताच्या बाबतींत या प्रश्नाला आणखी एक धार येते. ख्यालगायकाच्या मागें दोन तानपुरे अखंड झंकारत असतात. त्यांचा नाद गायकाच्या मायक्रोफोनमध्यें झिरपतोच. त्या मायक्रोफोनवर कडक ध्वनिद्वार बसविलें, तर गायक गातांना तानपुरा जवळ येतो आणि तो थांबतांच दूर पळतो. ज्या स्थिर षड्जाच्या आधारानें सारा राग उभा असतो, तो षड्जच डळमळूं लागतो. शिवाय या गायकींत मौन हें रिकामें नसतें. समेवर येण्यापूर्वीं घेतलेला श्वास, मींडेच्या अखेरीस ऐकूं न येण्याइतका बारीक झालेला स्वर, हे सारे गायनाचेच अवयव आहेत; आणि ते नेमके त्या पातळीवर वावरतात, जेथें द्वारपाल त्यांना परके समजतो.

२०२० सालीं महासाथीमुळें शिक्षण घरोघरच्या पडद्यांवर आलें, तेव्हां या गोष्टीचा अनुभव संगीताच्या गुरुशिष्यांस मोठ्या प्रमाणावर आला. सभेसाठीं रचलेल्या संगणकप्रणालींत आतां जुन्या अर्थाचें ध्वनिद्वार उरलेलें नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आर-एन-नॉइज’ सारख्या प्रणाली असंख्य नमुन्यांवरून बोलणें कोणतें आणि गोंगाट कोणता हें शिकलेल्या असतात. त्यांचा द्वारपाल केवळ मोठा-लहान पाहत नाहीं. तो बोलण्याची चालहि ओळखतो. पण त्याला शिकविलें गेलें तें बोलणें, गाणें नव्हे. एकसारखा, न थांबणारा नाद म्हणजे पंखा, अशीच त्याची समजूत. त्यामुळें तानपुऱ्याची गणना पंख्यांत झाली. गुरूच्या घरीं तानपुरा वाजत असे आणि शिष्याच्या कानीं तो येत नसे. लांबविलेला स्वर मध्येंच विरे. पुढें त्यांतील कांहीं प्रणालींनीं मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याची सोय पुढें आणली, आणि संगीत शिकविणाऱ्यांस द्वारपालालाच रजा देणें हा उपाय सांपडला.

दुसरा एक मार्ग याआधींच दाखविला गेला होता. अमेरिकेंतील डॅन ड्यूगन यांनीं १९७६ सालीं ज्या रचनेचें एकस्व मिळविलें, तींत मायक्रोफोनची दारें उघडत-मिटत नाहींत. सभेंत दहा मायक्रोफोन असले, तर त्यांच्या एकूण शक्तीचा हिस्सा ज्याच्यापुढें अधिक आवाज त्यास अधिक मिळतो, आणि सारे गप्प असतील तर तो सर्वांत सारखा वांटला जातो. बेरीज कायम राहते. उघड्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली कीं शिटी वाजण्याआधीं मिळणारी सवड ३ डेसिबलनें घटते; ही घट या वाटणीमुळें टळते, आणि कोणाच्याहि शब्दाचें पहिलें अक्षर दाराबाहेर राहत नाहीं.

न्यूयॉर्कच्या विद्युत्कळीपासून आजच्या शिकविलेल्या यंत्रापर्यंत द्वारपाल अधिक चपळ झाला, अधिक हुशारहि झाला. परंतु काय आंत घ्यावें आणि काय बाहेर ठेवावें, याचा निर्णय त्याला आजवर दुसऱ्याकडून घ्यावा लागला आहे. रात्रीच्या वेळीं रुळांजवळ गाड्या थांबण्याची वाट पाहणाऱ्या मंडळींस गोंगाट कोणता हें पुरतें ठाऊक होतें. यंत्राला तें सांगावें लागतें. आणि सांगणाऱ्यानें आधीं स्वतः लक्षपूर्वक ऐकलेलें असावें लागतें. गायकाची मंद ओळ एकदां ऐकावी, मग खोलीची शांतता ऐकावी, आणि मगच उंबरठ्याच्या खुंटीस हात लावावा.